निगेटिव्ह कंट्रोल क्रमांक दोन

मी याद्या करते. किराण्याची, दुरुस्तीला टाकलेल्या वस्तूंची, कुणाच्या लग्नात काय दिलं त्याची, गावाला जाताना बंद करायच्या नळांची. नोकरीही त्याच जोरावर झाली. एका लहानशा प्रयोगशाळेत मी गुणवत्ता आणि नोंदी सांभाळत असे. माझ्या यादीत चूक दाखवा आणि चहा प्या, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तो चहा मला कधी पाजावा लागला नाही. एकीला चूक सापडली होती आणि तिने ती मला तोंडावर सांगितलीही होती, पण तिला चहा मिळाला नाही.

प्रयोगशाळा खडकवासल्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एका भाड्याच्या बंगल्यात होती. मी शनिवार पेठेतून स्कूटरवर जात असे. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही रक्तगट तपासायचे थेंब बनवायचो, आणि तोवर ते माणसांच्याच रक्तद्रवापासून बनत. दर खेपेला दाता वेगळा, त्यामुळे दर खेपेला माल वेगळा. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः डॉक्टर होते. त्यांनी ठरवलं की आपण मोनोक्लोनल करायचं.

त्याचा अर्थ थोडक्यात असा. पॉझिटिव्ह माणसाच्या लाल पेशींवर डी नावाचा एक घटक असतो, निगेटिव्ह माणसाच्या पेशींवर तो नसतो. निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह मूल वाढलं, तर कधी कधी आईचं शरीर त्या डीच्या विरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि पुढच्या मुलांच्या जिवावर बेततं. दोन मुलं अशी गमावलेल्या एका बाईंनी आपलं रक्त आम्हाला दिलं होतं. त्यांच्या पांढऱ्या पेशींत ती अँटीबॉडी बनवणाऱ्या मोजक्या पेशी असणार. त्या हुडकायच्या, एका विषाणूच्या मदतीने त्यांना मरू न देता वाढवायचं, आणि त्यातली एकच चांगली पेशी वेगळी काढून तिचा वंश चालवायचा. त्या वंशाला क्लोन म्हणतात. क्लोनमधली प्रत्येक पेशी हुबेहूब तीच अँटीबॉडी देते. ती पॉझिटिव्ह रक्तात टाकली की लाल पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, आणि निगेटिव्ह रक्त तसंच राहतं.

हे काम नागपूरहून आलेल्या एका मुलीकडे होतं. एम.एस्सी. झालेली, वय चोवीस-पंचवीस, लेडीज होस्टेलवर राहणारी. वडील पोस्टात. प्लेटीतल्या शहाण्णव खळग्यांमधल्या पेशींना ती दर तिसऱ्या दिवशी खाद्य घालायची. गुरुवारी वीज जायची तेव्हा जनरेटर सुरू होईपर्यंत इन्क्युबेटरच्या दाराशी उभी राहायची, कुणी उघडू नये म्हणून. दोन वर्षं हे चाललं होतं. सरांनी तिला शब्द दिला होता की एक क्लोन टिकवून दाखव, तुला कायम करतो आणि त्याच कामावर पीएच.डी.ला नाव नोंदवू. तिचं सगळं त्या एका क्लोनवर होतं. हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं, मला सगळ्यांत जास्त, कारण तिचं नेमणुकीचं पत्र माझ्याच फायलीत होतं.

क्लोन तपासायला ताज्या लाल पेशी लागत. पॉझिटिव्ह माणसं ढिगाने होती. निगेटिव्ह दोघंच होती, आमचे ड्रायव्हरकाका आणि मी. काका म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल क्रमांक एक, मी क्रमांक दोन. दर सोमवारी आम्ही दोघं बाही वर करून थोडं थोडं रक्त द्यायचो. कुणाच्या पेशी वापरायच्या याची यादी माझी, आणि नियमही माझाच होता. प्रत्येकाची दोनदा तपासणी व्हायची, आधी साध्या थेंबाने, मग अँटीग्लोब्युलिन चाचणीने. ही दुसरी चाचणी जास्त खोल जाते. नळी अर्धा तास गरम पाण्यात ठेवायची, पेशी तीनदा धुवायच्या, मग आणखी एक थेंब. तासाभराचं काम. दोन्ही झाल्याशिवाय रकान्यात खूण करायची नाही, असं मी यादीच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं होतं.

माझ्या नावापुढे दोन्ही खुणा होत्या. पहिली तपासणी मी कॉलेजात असताना झाली होती. दुसरी कधीच झाली नव्हती. खूण मात्र केलेली होती. हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे मी कधी रक्तदानही केलं नव्हतं, तेव्हा दुसऱ्या कुणी खोलात जाऊन बघायचा प्रश्नच आला नाही. पर्समध्ये लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, ओ निगेटिव्ह. दुर्मीळ गटाचा मला चांगलाच तोरा होता. सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या. नवरा म्हणायचा, "नुसता गटच नाही, हिची उत्तरंही निगेटिव्ह."

पावसाळा संपता संपता त्या मुलीला एक क्लोन मिळाला. प्लेटीतल्या जागेवरून त्याचं नाव पडलं सी सात. पॉझिटिव्ह पेशींवर थेंब टाकला की मोजायला वेळच मिळत नव्हता, गुठळ्या लगेच दिसत. सर स्वतः खाली येऊन बघून गेले. मग निगेटिव्ह पेशींवर लावायची वेळ आली. काकांच्या पेशी स्वच्छ राहिल्या. माझ्या पेशींत बारीक गुठळ्या आल्या.

ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, तुमच्या पेशी चिकटून राहिल्या."

"चिकटल्यात म्हण," मी म्हटलं. "राहायला कुठे आल्यात त्या?"

शेजारच्या बाकावरच्या दोघी हसल्या. तीही थोडी हसली. "चिकटल्यात. तीनदा केलं मॅडम. काकांच्या नाही चिकटत."

"म्हणजे दोन निगेटिव्हांपैकी एकावर फसतंय. मग बाटलीवर काय छापायचं? काकांसाठी खात्रीशीर, इतरांसाठी अंदाजे?"

पुन्हा हशा झाला. ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तुमच्या पेशी एकदा अँटीग्लोब्युलिनने बघू का? कधी कधी डी असतो, पण फार कमी असतो. साध्या थेंबाला दिसत नाही. सी सात चांगला असला तर त्याला दिसला असेल."

हे अक्षरशः बरोबर होतं. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर निम्मं कळलंही होतं. पण मी म्हटलं, "माझा रक्तगट मला वीस वर्षं माहीत आहे. तुला पुण्यात येऊन दोन झाली." आणि भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं. "खूण आहे ना तिथे? आमच्याकडे खुणा उगाच होत नाहीत."

तासाभराची चाचणी. ती करू दिली असती तर सगळं निस्तरलं असतं. बोट दाखवताना मला आठवलं होतं की ती खूण तपासणीशिवाय केलेली आहे. आठवलं नव्हतं असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण आठवलं होतं.

दसऱ्याला तिच्या घरचे सगळे दीक्षाभूमीवर जात. तिने चार दिवसांची रजा मागितली. मी रजेच्या यादीत नाव लिहिताना म्हटलं, "पेशींना सणवार नसतात." ती म्हणाली, "सगळ्यांना खाद्य घालून जाते मॅडम. फक्त एक करा. सी सात आता सगळा टाकीतच आहे, दोन कुप्या आहेत, त्या मी येईपर्यंत राहू द्या."

"बघू," मी म्हटलं.

टाकी म्हणजे द्रव नायट्रोजनचं भांडं. क्लोन त्यात गोठवून ठेवतात, नाहीतर ते फार काळ टिकत नाहीत. कुठल्या नळकांड्यात काय आहे, याचीही यादी माझ्याकडेच होती. मुलगी नागपुरात असताना सरांनी मला विचारलं, बाहेरून नव्या पेशी येणार आहेत, जागा करायची तर काय काढता येईल. मी यादी दिली. सी सात सर्वांत वर होता. जागा अगदीच नव्हती असंही नाही. माझ्याच कागदावर खालच्या रांगेत तीन घरं कोरी होती. सरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "निगेटिव्ह पेशींनाही चिकटतो, सर." त्यांचा माझ्या याद्यांवर विश्वास होता.

मी स्वतः कुप्या बाहेर काढल्या, वितळू दिल्या, ब्लीचमध्ये ओतल्या. काढून टाकलेल्या मालाच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात लिहिलं, "निगेटिव्ह पेशींवर प्रतिक्रिया. अविशिष्ट." अविशिष्ट म्हणजे नको त्यालाही चिकटणारा, कामाचा नसलेला. माझं अक्षर चांगलं आहे.

ती आली ती संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन. सगळ्यांना वाटून झाल्यावर टाकीकडे गेली. परत आली तेव्हा माझी बर्फी अर्धी खाऊन झाली होती.

"मॅडम, सी सात?"

"टाकीत जागा नव्हती. रजिस्टरात बघ."

तिने ते उभ्याने वाचलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. "ठीक आहे मॅडम," म्हणाली. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझा हात चांगला आहे गं. डोळा नाही. नको ते दिसतं तुला."

माझ्या पेठेतली, ओळखीच्या घरातली एखादी मुलगी असती, तर मी चारचौघांत तिच्या बोलण्याची चेष्टा केली असती का? तिने दोन कुप्या ठेवा म्हटल्यावर ठेवल्या नसत्या का? याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच हा प्रश्न मी सहसा स्वतःला विचारत नाही.

प्लेटीत वाढत असलेले बाकीचे क्लोन एकेक करून थंडावले. पेशी वाढत, पण अँटीबॉडी देईनात. असं होतं या कामात. सर म्हणाले, आता आयात सोपी झालीय, तयार अँटीबॉडी बाहेरून आणून बाटल्या भरू. मुलीला कायम करण्याचा विषय निघाला नाही, पीएच.डी.चाही नाही. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. तिने एक लावला, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर राजीनामा दिला. अनुभवाचं पत्र मी टाइप केलं. "काम समाधानकारक." त्याहून वरचे शब्द मला येत होते. निरोपाचे सामोसे खाताना मी म्हटलं, "बरं झालं. कॉम्प्युटरला दोनच उत्तरं कळतात, हो किंवा नाही. मधलं काही दिसत नाही त्याला." लोक हसले. मी विनोदी बाई म्हणून प्रसिद्ध होते.

चारेक वर्षांनी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. रक्त लागलं तर असावं म्हणून इस्पितळाच्या रक्तपेढीत नमुना दिला. अर्ध्या तासाने तिथला तंत्रज्ञ माझं कार्ड हातात घेऊन बाहेर आला.

"काकू, कार्ड निगेटिव्ह म्हणतंय, रक्त पॉझिटिव्ह म्हणतंय."

"पुन्हा करा."

"दोनदा केलं. कमी डी आहे तुमचा. जुन्या थेंबांना सापडायचा नाही. ही बाहेरची मोनोक्लोनल बाटली आहे, हिला दिसतो." त्याने कार्ड परत दिलं. "हे फेकून दिलं तरी चालेल."

नवऱ्याला फार मजा वाटली. "बघा, इतक्या वर्षांनी एकदाची पॉझिटिव्ह निघाली!" मी बाकावर बसून राहिले. ती जे म्हणाली होती, तेच वाक्य एका अनोळखी मुलाने मला इस्पितळाच्या बोळात ऐकवलं होतं.

दीड महिन्याने कामावर गेले. पहिल्याच दिवशी कपाट उघडून तिची वही काढली. काय शोधत होते ते लिहायची लाज वाटते. सी सात तसाही काही विशेष नव्हता, असं कुठेतरी सापडावं, ही आशा होती. सापडलं ते वेगळंच. तिच्या शेवटच्या आठवड्यातलं पान. "निगेटिव्ह कंट्रोल क्र. २. अँटीग्लोब्युलिन चाचणी, तीन नळ्या, तिन्ही पॉझिटिव्ह. पेशींवर कमी प्रमाणात डी आहे. सी सातबद्दलचा निष्कर्ष चुकीचा ठरतो." माझं सोमवारचं रक्त तिच्याकडे असायचंच. तिने जाता जाता तासाभराचं काम करून टाकलं होतं.

त्या ओळींखाली "तपासले" असा शिक्का होता, आणि त्यावर माझी सही.

दर शनिवारी दुपारी मी सगळ्यांच्या वह्यांचा गठ्ठा समोर घेऊन सह्या करत असे. पान उलटायचं, शिक्का, सही. कुणाच्या वहीचं पान सुटलंय का, तेवढं मी बघायचे. पानावर काय लिहिलंय ते बघत नव्हते.

त्यानंतर माझ्या डायरीत आठवड्याच्या यादीत एक ओळ आली, "सी सात. तिला सांगणे." गॅसचा नंबर लावणे, दाताचा डॉक्टर, विम्याचा हप्ता, सगळ्यांवर काट बसायची. ही ओळ पुढच्या आठवड्यात जायची. डायरी बदलली की नव्या डायरीत. तिचा फोन नंबर ड्रायव्हरकाकांकडे होता, ती त्यांना दर दिवाळीला फोन करायची. मी त्यांच्याकडे तो दोन वर्षं मागितला नाही.

शेवटी काकांच्या मुलीच्या लग्नात ती समोरच आली. कार्यालयात जेवणाच्या रांगेत, हातात ताट. "मॅडम, ओळखलं का?" बोलणं आता अगदी पुणेरी झालं होतं. हिंजवडीला नोकरी होती. काय काम करतेस, विचारलं, तर म्हणाली, "सॉफ्टवेअर तपासते. लोकांच्या चुका शोधायच्या आणि लिहून द्यायच्या. इथे वाचतात."

"तुझ्याशी बोलायचंय," मी म्हटलं.

"बोला ना. जिलबी गरम आहे तोवर मी ऐकते."

आम्ही कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर बसलो. मी म्हटलं, "सी सात बरोबर होता. माझ्या पेशींवर डी आहे."

"हो."

"तू लिहून ठेवलं होतंस."

"तुम्ही सही केली होतीत."

"मी वाचलं नव्हतं."

तिने चमचा ताटात ठेवला. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी समजून राहिली, का तुम्ही वाचलं आणि गप्प बसल्या." ती पुन्हा जुन्या बोलीत आली होती, आणि ते तिला जाणवलंही नव्हतं. "मला वाटलं, इथे असंच असते. कळलं तरी कोणी बोलत नाही. म्हणून तर मी सरांकडे गेली नाही. आणि तुम्ही वाचलंच नाही?"

इथे मला निसटायला जागा होती. दुर्लक्ष झालं, कामाचा बोजा होता, असं म्हणता आलं असतं. तिने ते कदाचित मानलंही असतं. पण मी सांगितलं, "आणखी एक आहे. भिंतीवरच्या यादीत माझ्यापुढे खूण होती ना, ती तपासणी कधी झालीच नव्हती. तू विचारलंस तेव्हा मला ते आठवलं होतं."

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी वऱ्हाडाच्या बसची घोषणा करत होतं. मी विचारलं, "मग आता मी काय करू?"

"मला काय विचारता मॅडम? यादी तुमची आहे." ती उठली, पदर सारखा केला. मग पुन्हा वळली. "त्या रजिस्टरात माझ्या क्लोनपुढे अविशिष्ट लिहिलं होतं. ते अजून तसंच आहे?"

"आहे."

"तेवढं मला आठवतं कधी कधी. बाकी माझं चांगलं चाललंय." ताट ठेवायला गेली ती परत आली नाही.

प्रयोगशाळेच्या नोंदींचा एक नियम आहे. चूक खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, आणि तारीख घालायची ती आजची. नव्या माणसांना हा नियम पहिल्या दिवशी मीच शिकवायचे. सोमवारी मी रजिस्टर काढलं. "अविशिष्ट" वर रेघ मारली. रकाना अरुंद होता, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, "क्लोन योग्य होता. कंट्रोल पेशी चुकीच्या होत्या. चूक माझी." मग पेशींची जुनी यादी काढली आणि माझ्या नावापुढच्या खुणेवर रेघ मारली, "तपासणी केली नव्हती."

दोन्ही पानं घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचली. "क्लोन तर गेला. आता हे कशाला?" त्यांनी यादीचं पान पुन्हा वर घेतलं आणि विचारलं, "अशा आणखी किती खुणा आहेत?"

एकही नाही, असं मला वाटत होतं. पण तसं म्हटलं नाही. "बघून सांगते," म्हटलं. ते बघायला मला पुढच्या आठ महिन्यांचे शनिवार लागले. आणखी दोन सापडल्या.

काकांकडून पत्ता घेऊन दुरुस्त पानाची झेरॉक्स मी तिला पाठवली होती. आठवड्याने तिचा फोन आला.

"पान मिळालं मॅडम. बाबांना दाखवलं. त्यांना भिंग घ्यावं लागलं. फार बारीक लिहिलंत."

"जागा नव्हती," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "टाकीतही नव्हती."